बिनविरोध, मुदत चार वर्षं

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात बसूनच, वाकायला मध्ये टेबल येतंय.) चार महिने पत्र टाळलं, हे कबूल. पेन सापडलं की कागद सापडायचा नाही, आणि दोन्ही सापडले की जेवणाची सुट्टी व्हायची. तुझे गुडघे काय म्हणतात? जिने चढवत नाहीत ना अजून?

मी हल्ली एका शाळेच्या ग्रंथालयात बदलीवर आहे. ग्रंथपालबाई बाळंतपणाच्या रजेवर. त्या आल्या की मी मोकळा. पुढे एका बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे जायचंही ठरलंय. (दुरुस्ती येत नाही, पण बोटीत बसता येतं.)

तर इथल्या नियामक मंडळावर कर्मचाऱ्यांची जागा दोन वर्षं रिकामी. निवडून येणाऱ्याने दर महिन्याला शाळा सुटल्यावर तीन तास गळक्या छपरावर चर्चा करायची, म्हणून अर्जाची पेटी दिसली की शिक्षक भिंतीकडे बघत जातात. शेवटी मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "अर्ज कसा भरायचा तेच कळत नसेल लोकांना. एक नमुना भरून फळ्यावर लाव." आता नमुन्यात नाव कोणाचं घालणार? ज्याचं घालावं तो भांडायला येणार. मी आपलं माझंच घातलं. सूचक शिपाईमामा, अनुमोदक गणिताचे सर. एरवी रजेच्या अर्जाशिवाय कशावर सही न करणारे सर, "नमुनाच ना रे?" असं दोनदा विचारून खाली रेघसुद्धा ओढून गेले.

शुक्रवारी पेटी उघडली. आत चॉकलेटचा एक कागद. बाई फळ्यापाशी गेल्या, चष्मा लावला, टाचणी काढली आणि म्हणाल्या, "सह्या आहेत, तारीख आहे. बिनविरोध!" इतक्या मनापासून वाजलेल्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. मी बदलीवर आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "मग कायम करून टाकू."

बाकी सगळं ठीक.

तुझा भाचा

ता. क. सुटकेचं कलम एकच: घरचं आजारी माणूस सांभाळायला जावं लागलं तर. तेव्हा पत्र मिळताच आजारी पड. फार नको, उठता न येण्याइतकंच. तू अंथरुणाला खिळलीस, असं बाईंना सकाळीच सांगून ठेवलंय. त्यांचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

आणखी एक. पत्र टाकत नाही. शिपाईमामा धावत आलेत. बाईंनी निवडीची बातमी परवाच घरच्या पत्त्यावर, म्हणजे तुलाच, कळवली होती म्हणे. तू दोन पिशव्या घेऊन शाळेचे तीन जिने एका दमात चढलीस, आणि आता बाईंना सांगते आहेस की पोरगं एका जागी टिकणार म्हणून गुडघेसुद्धा दुखायचे थांबले.