बावीस वर्षे नुसते ‘हजर’

मी खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, दूरध्वनी केंद्रातली निवृत्त ऑपरेटर आणि तिथल्या कामगार संघटनेची एकोणीस वर्षे चिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला आज सकाळी दिला असून तो सोबत टाचला आहे. त्याची गरज पडली, कारण माझा मुलगा विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याचे काम करतो. हे वाचल्यावर त्याचे पहिले वाक्य “आईला भ्रम झाला होता” हेच असणार. मला ते आत्ताच ऐकू येते आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे दिले होते. ते रद्द समजावे.

कलम एक. बँकेतली ठेव मुलीला. जावयाला माझी आरामखुर्ची; गेली पंधरा वर्षे दर डिसेंबरात तो आला की ती तशीही सोडत नाही.

कलम दोन. पुस्तके संघटनेच्या वाचनालयाला. समासात मी जिथे जिथे लेखकाशी भांडले आहे, तो मजकूर कोणी खोडू नये. संघटनेच्या माजी अध्यक्षांना काहीही नाही. त्यांनी माझ्या शोकसभेत बोलूही नये. आमचा संप त्यांनी आपल्या नावावर खपवला, आणि ते चाळीस मिनिटांच्या आत थांबत नाहीत.

कलम तीन. हे तीन खोल्यांचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. त्यावर कोणाचा हक्क नाही. ते मी माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर, कोणतीही अट न घालता देत आहे. कारण लिहिणे कायद्याने बंधनकारक नसेल, पण मला गप्प बसता येत नाही.

या घरात आम्ही राहायला आलो त्या वर्षापासून एकतीस डिसेंबरला आमची बैठक भरते. पद्धत मी आणि मुलांच्या वडिलांनी पाडली. सगळ्या गोतावळ्याने जमायचे, आणि प्रत्येकाने वर्षभराची एक तक्रार ज्याच्याविषयी असेल त्याच्या तोंडावर सांगायची. ज्याच्यावर तक्रार, त्याने जेवण होईपर्यंत उत्तर द्यायचे नाही. नणंदबाई कात्री नेतात आणि परत देत नाहीत, इथपासून ते “बाबा, तुम्ही माझ्या लग्नात हसला नाहीत” इथपर्यंत सगळे त्या खोलीत बोलले गेले. मी चिटणीस, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. हजर कोण, कोण काय बोलले, सगळे वहीत आहे.

गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, “आई, घर विकून टाकू. गिऱ्हाईक आलंय. एकतीसला हॉटेलात टेबल घेऊ. तुझ्या सुनेलाही जरा आराम.” बायकोच्या आरामाची आठवण याला बावीस वर्षांनी आली, तीही गिऱ्हाईक दारात उभे राहिल्यावर. माझे पित्त खवळले. या बैठकीने घर कसे एकत्र ठेवले ते पुराव्यानिशी त्याच्या तोंडावर मारावे म्हणून मी वह्या काढल्या.

पुरावा निघाला, पण माझ्याविरुद्ध. सूनबाई घरात आली त्या वर्षापासून दर वर्षी तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘हजर’. त्यापुढे कोरे. बावीस वर्षांत एक अक्षर नाही. तिची पाळी यायची तेव्हा अठरा माणसांचे गरम जेवण वाढायची वेळ झालेली असायची. मी बाहेरून हाक मारायची, “सूनबाई, तुझं काय?” आतून उत्तर यायचे, “माझं काही नाही, आई. तुमचं चालू द्या.” आणि मी पुढचे नाव घ्यायची. माझी मुलगी दर वर्षी दोन बॅगा घेऊन यायची आणि म्हणायची, “वहिनी, तुझ्या हातचं खायलाच येते गं मी.” ही स्तुती आहे असे आम्हा सगळ्यांना वाटायचे.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. म्हटले, “तुझी तक्रार राहिली आहे. सांग.”

“आता कुठे, आई. दूध ठेवलंय.”

मी गॅस बंद केला. ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, “मला एखाद्या एकतीसला माझ्या आईकडे जायचं होतं. बसने वीस मिनिटं. ती दर वर्षी विचारायची, यंदा येशील का. आता विचारणारं कोणी नाही.”

तिची आई चार वर्षांपूर्वी गेली.

हे ज्यांना साधे वाटते त्यांनी पुढचे वाचावे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दूरध्वनी केंद्रावर सगळ्यात जास्त कॉल यायचे, म्हणून त्या दिवशी एकाही बाईला रजा मिळत नसे. आमचा एकोणीस दिवसांचा संप त्यासाठी होता. फाटकावर उभी राहून मी ओरडले होते की, जगाला जोडून देणाऱ्या बाईला तिच्या माणसांपासून तोडण्याचा अधिकार कोणत्याही साहेबाला नाही. पाळीपाळीने रजा मिळाली. पुढच्या काही वर्षांत तीनशे बायका एकतीस डिसेंबरला आपापल्या घरी गेल्या. आणि माझ्या घरात मीच साहेब झाले. माझी मुले त्या साहेबाच्या पंक्तीला बसून बोटे चाटत राहिली. मला त्यांचा संताप येतो, पण माझा जास्त येतो.

म्हणून घर तिचे. एकतीस डिसेंबरला तिने ते उघडावे, कुलूप लावून जावे किंवा विकावे. कोणाला खायला हवे असेल त्याने रांधावे. मुलाला राहायचे असेल तर त्याने तिला विचारून राहावे.

कलम चार. इतिवृत्ताच्या सर्व वह्या मुलाला. तो वाचेल अशी आशा नाही, तरीही.

कलम पाच. माझ्या सुनेची मी (पुढील दीड ओळ खोडली आहे.)

टीप. सही करण्यापूर्वी सूनबाईने हे उभ्याने वाचले. घराबद्दल म्हणाली, “भांडणं होतील.” मी म्हटले, “होऊ देत.” मग तिने कलम पाचवर बोट ठेवले.

“हे खोडा, आई. मेल्यावर मागितलेल्या माफीचं मी काय करू? आत्ता समोर आहात ना?”

डॉक्टर पंख्याकडे बघू लागले. हजारोंच्या सभेत मी कधी कागद हातात धरला नाही. पण या एका वाक्यासाठी मला तीनदा घसा साफ करावा लागला. मी ते दोन्ही साक्षीदारांसमोर बोलले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं. सही करा आता, डॉक्टरांचे पेशंट खोळंबलेत.”

मुलाने नोंद घ्यावी की तिने माझ्यावर दबाव आणला, तो एवढी ओळ खोडण्यापुरताच. खाडाखोडीशेजारी तिघांच्या छोट्या सह्या आहेत.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिला: (सही) कुटुंबाचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: (सही) तळमजल्यावरचे शिंपी
स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ डिसेंबर, सकाळी साडेअकरा