एकतीस ऑगस्टपर्यंतची वीज

१४ जून

पुन्हा मेला! बावीस मिनिटं जुळवून झाली होती. तेविसाव्याला पडदा निळा, मग काळा. सकाळपासूनचं सगळं गेलं. कॉम्प्युटरचा डबा इतका तापला होता की हात लावता येईना. मागच्या जाळीतून जळक्या धुळीचा वास.

अकरा वर्षांचा कॉम्प्युटर. आमची लेक कॅथी शिकायला गेली तेव्हा इथेच टाकून गेली. पत्रं लिहायला, हवामान बघायला बरा होता. आता त्याच्यावर मी माझ्या नवऱ्याने, अँब्रोजने, गावात काढलेल्या त्रेचाळीस टेपांचा सिनेमा जोडतेय, ते त्याला झेपत नाही. अँब्रोज म्हणतो, "बर्निस, त्याला सुखानं मरू दे. गँडरला गेल्यावर करू काय ते."

गँडर शहरात गेल्यावर! तेव्हा कोण कुठे असेल? एकतीस ऑगस्टला आमच्या हॅगर्टी कोव्ह गावाची वीज कायमची बंद. त्याच दिवशी शेवटची बोट. चव्वेचाळीस माणसं सात गावांत पांगणार. आदल्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून दाखवीन असं मी चर्चमध्ये उभी राहून बोललेय.

दाखवणारच.

१५ जून

गँडरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला. ट्रूडी नावाची बाई. मी म्हटलं, नवाच पाठवा. तिने आधी कॅमेरा कुठला ते विचारलं. मग म्हणाली, "अहो, तो जुना टाकू नका! तुमच्या कॅमेऱ्याची वायर नव्यात बसायला जागाच नसते." आणि माझ्या अजून सोळा टेपा उतरवायच्यात!

तर जुन्यालाच सुधारायचं. मेमरीच्या दोन पट्ट्या, फिरत्या डिस्कऐवजी नवी एसएसडी, आणि एक व्हिडिओ कार्ड. "आधी पंख्यातली धूळ काढा," म्हणाली.

धूळ कसली — निम्मं मांजर निघालं आतून.

१९ जून

धक्क्यावर लिअँडर दिसला. मी थांबले. तो मासेमारीचं जाळं बघत राहिला, जणू जाळ्यात काही नवीन आहे.

सख्खा थोरला भाऊ. फेब्रुवारीपासून एक शब्द नाही. सरकारचे पैसे घेऊन गाव सोडायचं की नाही याचं मतदान झालं तेव्हा फॉर्म घेऊन दारोदार मीच फिरले — गावचं पोस्ट मी सांभाळायचे तेव्हापासून गावाचे कागद माझ्याकडेच. बाकी सगळ्या घरांनी हो म्हटलं. नाही म्हणणारं एकच घर, लिअँडरचं. मतमोजणीनंतर उठून म्हणाला, "जा तुम्ही. मी इथेच." आणि दार आपटून गेला.

थट्टेत बोललेला नाही. लाकडं रचून झालीत. रॉकेलचे दिवे पुसून ठेवलेत. एकाहत्तर वर्षांचा माणूस, हृदयाच्या गोळ्या खातो — आणि हिवाळाभर एकटा, ना वीज, ना बोट! गंमत म्हणजे गावाला वीज देणारं डिझेल इंजिन चालवणारा तोच. तीस वर्षं. बंदही त्यालाच करायचंय.

२५ जून

बोटीने पार्सल आलं! मेमरी बसवली. चालू केला तर तीनदा पीं पीं पीं. पडदा काळाच. रडकुंडीलाच आले. ट्रूडीला फोन. "घाबरता काय? काढा, खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात पुसा, टक् असा आवाज येईपर्यंत दाबा." मोडेल या भीतीने मी हळूच दाबत होते. पावाचं पीठ मळतात तसा जोर लावला. टक्!

२७ जून

एसएसडी बसवली. जुन्यातलं सगळं नवीवर उतरवायला पूर्ण दुपार गेली. पूर्वी हा चालू होईस्तोवर चहा होऊन पिऊन व्हायचा. आज किटली गॅसवर ठेवून वळले तर पडदा तयार!

अँब्रोजही आला. खुर्ची ओढून बसला.

३ जुलै

कार्ड बसत नाही. बोटभर लांब आहे. जुनी डिस्क ज्यात होती तो रिकामा पत्र्याचा पिंजरा मध्ये येतो. ट्रूडी म्हणाली, परत पाठवा, आखूड देते. म्हणजे आणखी आठवडा गेला!

अँब्रोजने डबा उचलला. "आतलं सगळं काढ. एकूण एक." आणि निघाला शेडकडे. मी मागे ओरडतेय, "काय करतोस?" — तर करवत घेऊन बसला! ज्या बाकावर आयुष्यभर मासे कापले त्याच बाकावर पिंजरा कापला. कानशीने घासला, ब्रशने कीस झाडला, वर तोंडाने फुंकला. माशाची खवलं निघाली डब्याच्या तळातून.

कार्ड बसलं. आणि त्याला द्यायची वीज नाही! लागतो तसा प्लग जुन्या पॉवर सप्लायला नाहीच. ट्रूडी ओशाळली. "हे मी आधीच विचारायला हवं होतं हो."

नवा पॉवर सप्लाय मागवला. थांबायचं नाही. तोवर टेपा उतरवते.

८ जुलै

धुकं. बोट नाही.

११ जुलै

धुकं. बोट नाही. उतरवायच्या टेपा चारच राहिल्या.

१५ जुलै

चालू! सगळं जागेवर! बावीस, तेवीस, चाळीस मिनिटं — धावतोय! मी अँब्रोजचा मुका घेतला. तो म्हणाला, "करवतीचाही घे."

२९ जुलै

आज मोनिका सापडली. एकतिसाव्या टेपमध्ये, मधेच. लिअँडरची बायको — चार वर्षं झाली तिला जाऊन. धक्क्यावर उभी, बाह्या वर, हातात सुरी, सपासप कॉड चिरतेय. कॅमेऱ्याकडे न बघताच, "अँब्रोज, ठेव ते खेळणं आणि सुरी घे! मासे काय आपण होऊन उघडणारेत?" आणि मग हसली. गावात असं कुणी हसत नव्हतं. मी ते विसरलेच होते. आवाज विसरले होते!

तीन मिनिटं चाळीस सेकंद. एक सेकंदही कापणार नाही.

पण त्याला विचारल्याशिवाय कसं घालायचं?

१९ ऑगस्ट

सिनेमा जोडून झाला. एक तास छपन्न मिनिटं. जुन्या टेपांची थरथर, खरखर काढून पक्की फाइल करायची — कॉम्प्युटर म्हणतो नऊ तास.

सकाळी सातला लावला. बाराला लिअँडरने इंजिन बदललं — चालू होतं ते थांबवून जोडीचं दुसरं लावलं. दिवे क्षणभर डोळ्यांसारखे मिटून उघडले, रोजच्यासारखे. आणि पाच तासांचं काम साफ.

माझंच चुकलं. बाराला दिवे मिटतात हे आम्हाला तीस वर्षं माहीत. रोज बाराच्या आधी काम साठवून ठेवतेच मी. पण ही फाइल मधेच साठवता येत नाही. आणि इंजिन सहालाही बदलतं, बारालाही — दिवसरात्र. नऊ तास कुठूनही मोजा, मध्ये बदल येतोच.

२१ ऑगस्ट

गेले इंजिनघरात. आवाजात त्याला माझी चाहूलच लागली नाही, की लागली — कोण जाणे. ओरडून सांगितलं: उद्या बाराला इंजिन बदलू नकोस. चारनंतर बदल.

"दारोदार फॉर्म फिरवत होतीस, तेव्हा नाही वीज आठवली?"

सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य!

मी म्हटलं, "आठवली. आणि तुझं हृदयही आठवलं. जवळ दवाखाना असावा म्हणून फिरले. तुला राग धरायचा तर धर."

"मशीनची वेळ ठरलेली असते, बर्निस. तीस वर्षं बदललेली नाही."

"मोनिका आहे त्यात," मी म्हटलं. "मासे चिरतेय. बोलतेय. तू नको म्हणालास तर काढते."

तो फडक्याने हात पुसत राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते. मी निघून आले.

२२ ऑगस्ट

सातला लावला. अकरापासून मी घड्याळासमोर. अँब्रोज सूपचा चमचा हातात धरून थांबला. बारा. बारा वाजून एक. बारा वाजून पाच.

दिवे मिटले नाहीत.

शेजारची विनिफ्रेड धावत आली, "लिअँडरला बरं नाही का गं? इंजिन बदललं नाही त्याने!" मी म्हटलं, "ठणठणीत आहे."

दोन, तीन. तीन वाजून बावन्न मिनिटांनी — झालं! पूर्ण! मी दारात जाऊन उभी राहिले. इंजिनघराकडे बघून हात हलवला. तिथून दिसतं की नाही माहीत नाही. दहा मिनिटांनी दिवे एकदा मिटून उघडले.

३० ऑगस्ट

हॉल भरला. त्रेचाळीस माणसं — मोजली मी. लिअँडर नव्हता. त्याची खुर्ची कुणी हलवली नाही.

लग्नं, बर्फ, विनिफ्रेडच्या वडिलांची बोट, शाळेतली शेवटची चार मुलं. लोक एकमेकांची नावं ओरडत होते. मग मोनिका. "मासे काय आपण होऊन उघडणारेत?" — आणि सगळा हॉल हसला. मी मागे वळले. तो दाराशी उभा. बूट घातलेले, टोपी हातात. कधी आला कळलं नाही.

दिवे लागले तेव्हा नव्हता. प्रत्येक घरासाठी एकेक कॉपी ठेवली होती टेबलावर. त्याची नेलेली होती.

त्याच्यासाठी पाव भाजला. उद्या जाताना दाराशी ठेवीन. आणखी काय करू?

३१ ऑगस्ट

दहाला त्याने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. इतकी शांतता! बोटीने भोंगा दिला. आम्ही शेवटचे चढत होतो, तर मागून लिअँडर. एका हातात सुटकेस, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला टीव्ही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरक, पोरी. ते बघायला वीज लागते."