चौथा आऊट

रवि. ८ मार्च २०२०, नावन

दहाला बेसबॉलची प्रॅक्टिस. अकरापैकी नऊ आले. चिखल घोट्यापर्यंत.

बॉल टाकणाऱ्या पिचरचा माउंड, म्हणजे मातीचा उंचवटा, आम्ही स्वतः घातलाय, मायकल नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात एका कोपऱ्यात. दहा इंच उंच, होम प्लेटपासून साठ फूट सहा इंच. टेप मीच धरली. कुणावर सोडायची?

हेड कोच होऊन आज आठवडा. आधीचा अमेरिकन त्याच्या देशी परतला, तेव्हा सेक्रेटरी पॅड्रिग म्हणाला, "वुड यू माइंड, वैशाली?" माइंड कसलं, बाबा! दोन वर्षं परदेशातल्या या गावात मी डॉक्टरची बायको आहे. त्याआधी अमरावतीत बारा वर्षं मुलींची कोच, त्याआधी कॉलेजची कॅचर, प्लेटमागे बसून पिचरचा बॉल झेलणारी. गुडघे उकिडवं बसून बसून तिथेच गेले.

पिचर कॉलम. बस चालवतो. हात दणकट, डोकं तापट. मैदानात पाय ठेवताना मी जमिनीला हात लावून कपाळाला लावते. आज बघते तर तोही तेच करतोय. का रे, विचारलं तर म्हणे, "यू डू इट, कोच." बरं वाटलं.

पहिली मॅच १९ एप्रिल, किलडेअरच्या टीमशी. अमरावतीच्या माझ्या कोचना, वानखडे सरांना कळवलं. उत्तर: "शीट पाठवजो." बस, एवढंच. सरांचा नियमच तो. प्रत्येक मॅचची स्कोअरशीट त्यांना दाखवायची, चुकलेल्या जागी लाल पेनाने गोल करून परत. बरोबर असेल तिथे काही नाही. वीस वर्षांत एकदा "छान" म्हटलेलं आठवत नाही. माझ्या हातात त्यांनी टीम दिली आणि मी ती सोडून नवऱ्यामागे, हेमंतच्या नोकरीसाठी, इकडे आले, म्हणून वर्षभर बोलले नाहीत. आता शीट मागतायत.

गुरु. १२ मार्च

शाळा-बिळा सगळं बंद. पॅड्रिग: "टू वीक्स, कोच. वी'ल बी ग्रँड."

रवि. १९ एप्रिल

आज मॅच असती. तरी बॅटिंग ऑर्डर लिहिली. कॉलम नववा.

हेमंत हॉस्पिटलमधून येतो तो थेट वरच्या छोट्या खोलीत. दाराबाहेर ताट ठेवते. दाराआडून विचारतो, "काय केलंस आज?" काय सांगू? ऑर्डर लिहिली, परत खोडली, परत लिहिली.

बुध. ६ मे

कालपासून घरापासून पाच किलोमीटरपर्यंत जायची मुभा. शेत सहा किलोमीटर दोनशे मीटर. बाराशे मीटर जास्त! नकाशावर तीनदा मोजलं, जसं काही मोजून कमी होणार आहे.

गेलेच शेवटी. वळणावर गार्ड, म्हणजे इथला पोलीस. कुठे चाललात? म्हटलं, मातीचा एक ढिगारा बघायला. तो वाकून बघतो माझ्याकडे. "आर यू ऑलराइट, मिसेस?" ग्रँड, म्हटलं. परत पाठवलं.

पॅड्रिग शेताजवळच राहतो. संध्याकाळी त्याचा फोटो आला. माउंडवर मेंढी उभी. खाली लिहिलंय, "न्यू पिचर." हसले आणि मग एकदम रडूच आलं. मेंढीवरून रडले मी आज.

रवि. ५ जुलै

परवानगी मिळाली. माउंड अर्धा वाहून गेलाय, उरलेल्यावर लेंड्या. सात जण आले. दोन तास फावडी मारली, खेळलो वीस मिनिटं.

बाकीचे चार का नाहीत? पॅड्रिग इकडेतिकडे बघत बसला. मग हळूच, "युवर मॅन वर्क्स ऑन दॅट वॉर्ड, लाइक. नो ऑफेन्स." म्हणजे हेमंत कोविड वॉर्डात, म्हणून त्याची बायको नको. मार्चमध्ये त्याच्यासाठी दारात उभं राहून टाळ्या वाजवणारे हेच लोक. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

हेमंतला सांगितलं नाही.

शुक्र. ७ ऑगस्ट

रविवारची मॅच ठरली होती. नऊ जमवले, दोघांच्या तर घरी जाऊन हातापाया पडले. संध्याकाळी बातमी: किलडेअर बंद. फक्त किलडेअर आणि शेजारचे दोन जिल्हे. बत्तीस काउंटींच्या या बेटावर बरोबर किलडेअरच का? नशीब म्हणतात ते हेच असावं.

कॉलमने मेसेजमध्ये नुसती एक शिवी लिहिली. मी लाइक केली.

गुरु. २२ ऑक्टो.

पुन्हा कडक लॉकडाऊन. पुन्हा पाच किलोमीटर. काही लिहावंसं वाटत नाही.

शनि. १४ नोव्हें. लक्ष्मीपूजन

सरांना व्हिडिओ कॉल. खूप वाळलेत. मागे मुलगा मंगेश दिवे लावतोय. नमस्कार करते न करते तोच, "काऊन वं वैशाले, आठ महिने झाले. शीट कुठं हाय?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "झाली ना सर मॅच. सप्टेंबरात. जिंकलो."

"मंग पाठव."

का बोलले मी असं? एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्याला काय थापा मारायच्या?

मंगळ. १७ नोव्हें.

तीन दिवस लागले. नऊ इनिंगची अख्खी मॅच बसून लिहिली. प्रत्येक बॉल. कॉलमला नऊ जण स्ट्राइकआऊट दिले, जास्त देववले नाहीत. सातव्या इनिंगला त्याचा संयम जातो म्हणून तिथे दोन रन खाल्ले. मला मजा येत होती, खरं सांगायचं तर. शेवटच्या इनिंगला तर काय होतं काय कळेना. ५-४ ने जिंकलो. फोटो काढून पाठवला.

वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा हा. लाज वाटते.

गुरु. १९ नोव्हें.

शीट परत आली. पाचव्या इनिंगला लाल गोल. मी त्या इनिंगमध्ये त्यांचे चार आऊट लिहिलेत. चार! पोरीबाळींना पहिल्या दिवशी शिकवते ती गोष्ट, तीन आऊट की इनिंग संपली. बाराव्या वर्षापासून बॉल झेलणारी बाई मी, चार लिहिते?

सोबत सरांचा रेकॉर्ड केलेला आवाज: "खोटं लिहाचं तं नीट तरी लिहाव ना, पोरी. चौथा आऊट कोनाले केला? खरी झाली का पाठवजो. हारली तरी चालते."

चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

शुक्र. २२ जाने. २०२१

हेमंतचा स्पेशालिस्ट होण्याच्या ट्रेनिंग स्कीमचा इंटरव्ह्यू, स्क्रीनवर. वर कोट-टाय, खाली पायजमा. चौथी वेळ. आधी तीनदा नाही झालं, तीनही वेळा मीच त्याला धीर दिला, अगदी मनापासून.

झालं तर जुलैत गाव बदलणार. कुठे टाकतील ते त्यांच्या हातात.

इथेच लिहून टाकते, कुणाला बोलता येणार नाही. होऊ नये असं वाटतंय. तो आत बोलत होता आणि मी बाहेर जिन्यात बसून देवाला सांगत होते, होऊ देऊ नको. रोज तिथे माणसं मरताना बघून घरी येणारा माझा नवरा. कसली बायको मी?

बुध. १७ फेब्रु.

झालं. कॉर्क. १२ जुलैपासून.

शिरा केला. हेमंत स्वयंपाकघरातच लहान मुलासारखा रडला. मी कपाट उघडून डबे नीट लावत बसले, म्हणजे पाठ त्याच्याकडे राहील. "वैशू, तुला आनंद नाही झाला?" झाला की. "तिथेही असेल एखादी टीम." असेल.

हो, असेल. आणि तिथेही परत दोन वर्षं डॉक्टरची बायको.

टीमला सांगितलेलं नाही. मॅच एक तरी व्हावी आधी. फक्त एक.

रवि. २५ एप्रिल

सर ॲडमिट. मंगेशचा मेसेज: बेड मिळाला, ऑक्सिजन चालू आहे. हेमंतने तासभर तिकडच्या डॉक्टरशी बोलून घेतलं. फोन ठेवला आणि मला चहा करून दिला. मी काही विचारलं नाही.

सोम. १० मे

प्रॅक्टिस चालू. सहा जण. मायकल गाडीवर टेकून बघत होता. जाताना म्हणाला, शेत विकलं, घरं होणार. ऑगस्टनंतर मैदान नाही. पॅड्रिगला माहीत होतं. मार्चपासून. त्यानेही सांगितलं नाही, मीही माझं सांगितलेलं नाही. आम्ही दोघं माउंडवर माती टाकत राहिलो.

बुध. २६ मे

सर घरी आले. मंगेश म्हणतो, बोलणं तुटक, उजवा हात चालत नाही, मध्येच पक्षाघात झाला. फोन बघत नाहीत. "ताई, ओळखतात, पण कंटाळतात लवकर."

रवि. २० जून

किलडेअरवाल्यांना एकच दिवस मोकळा. ११ जुलै. आमचा ट्रक १२ ला सकाळी आठला. हो म्हटलं.

टीमला आज सांगितलं कॉर्कचं. कॉलम बुटाने माती उकरत राहिला. मग, "फेअर प्ले टू युवर हजबंड," म्हणजे शाब्बास. आणि बसची वेळ झाली म्हणून गेला. अजून वीस मिनिटं होती त्याच्या बसला, मला माहितीय.

शनि. १० जुलै

आठ जण नक्की. नववा मिळेना. पॅड्रिगने अख्खं गाव पालथं घातलं. नववी मीच. कॅचर. गुडघ्याला दोन पट्टे. हेमंत म्हणाला, डॉक्टर म्हणून सांगतो, नको. मग स्वतःच पट्टा घट्ट बांधून दिला.

रवि. ११ जुलै

झाली. म्हणजे, झाली नाही.

एकला सुरू. कॉलमने जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. बाकीच्या सात जणांनीही. मला कॅचरच्या जाळीच्या मास्कमधून दिसेनासं झालं. मग उकिडवी बसले आणि गुडघा जो ओरडला!

पहिल्याच इनिंगला सहा रन खाल्ले. दुसरीत तीन. आमचा एकही पहिल्या बेसच्या पुढे गेला नाही. तिसरीत दोन. ०-११. दर वेळी बेंचवर आले की शीट भरायची, सगळं डोक्यात ठेवून. सरांचीच शिस्त. तिसरी इनिंग संपली आणि पाऊस. अंपायर अर्धा तास थांबला, मग हात हलवले. पाच इनिंग झाल्याशिवाय मॅच धरत नाहीत. म्हणजे हरलोसुद्धा नाही. रेकॉर्डला काहीच नाही.

पॅड्रिग भिजत म्हणाला, "वी वेअर ओन्ली गेटिंग गोइंग." ०-११ ला! सगळे हसले. मला मिठी मारायची की नाही कुणाला कळेना, नियमांमुळे. कोपरं टेकवली. कॉलम आला नाही. माउंडवर ताडपत्री घालत होता. कशाला रे, ऑगस्टमध्ये बुलडोझर येणार, म्हटलं. "आय नो, कोच," म्हणाला आणि चौथा कोपराही विटेने दाबला.

घरी आले, शीट हेअर ड्रायरने वाळवली, फोटो काढून मंगेशला पाठवला. लिहिलं, सरांना सांग, ही खरी आहे. पूर्ण नाही.

तासाभराने त्याचा फोन.

"ताई, दाखवलं पप्पांना. मोठं करून. खूप वेळ बघत होते. मग लाल पेन मागितलं."

"मग?"

"फोटोची प्रिंट काढून दिली मांडीवर. पेन दिलं. बोटांत राहत नाही ना, पडतं. तीनदा पडलं. मग नको म्हणाले."

"कुठे गोल करत होते, मंगेश?"

"नाही कळलं, ताई. आता झोपलेत."

हेमंत खालून हाका मारतोय, टेप कुठे ठेवलीस. वह्यांचं खोकं बंद करायचं राहिलंय. मी शीट घेऊन त्या खोक्यावरच बसलेय. पहिली इनिंग, त्यांचे तीन आऊट, आमचे तीन. दुसरी, तीन, तीन. तिसरी, तीन, तीन. बेरीज बरोबर. नावं बरोबर. चूक सापडत नाही.

बरोबर असेल तिथे सर पेन उचलत नाहीत. वीस वर्षांत कधी नाही.

परत पहिल्यापासून बघते.