छान सोडून काहीही लिही

मंगळवार, १२ मार्च

ती. ताईला,

धाकटीचा वाकून नमस्कार. वाकलं की हल्ली कंबर धरते, म्हणून लगेच सरळ होऊन लिहायला बसले.

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. मिळालं ते असं: शाळेच्या मुलांसाठी शिवलेला नमुन्याचा अ‍ॅप्रन एक, उरलेलं कापड हातभर, निळ्या दोऱ्याची रिळं दोन, चिठ्ठी एक. तिकिटं तू चाळीसची लावलीस, ती कमी पडली. वरचे बारा मी पोस्टमनला दिले. मागत नाहीये, फक्त वहीत मांडलेत. रिळांबद्दल देव तुझं भलं करो, इथे तोच दोरा दीडपट भावाने घ्यावा लागतो.

अ‍ॅप्रनबद्दल सावकाश लिहिते. आधी माझी बातमी ऐक, पोटात मावत नाहीये!

मी शिवणाच्या वर्गाला जायला लागले. हो, मीच! वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. शिकवणारे मास्तर म्हणजे जन्मभर कोट शिवलेला शिंपी. तोंडात टाचण्या धरून बोलतात, तरी शब्द न शब्द कळतो. सोबत एक नर्सबाई, एक निवृत्त बसड्रायव्हर आणि आम्ही घरी असणाऱ्या चौघी. फी ऐकून मी जिन्यावरूनच परतणार होते, पण देवाचं नाव घेतलं आणि भरून टाकली. ह्यांना सांगताना आकडा जरा हळू आवाजात सांगितला.

वर्गाची रीत मोठी मजेची आहे. शिवून झालेली वस्तू आपण घरी न्यायचीच नाही. दुसऱ्या कुणी न्यायची, आठवडाभर वापरायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, हात कुठे सुखावला आणि कुठे अडला. शिवणाऱ्याने तोवर तोंड उघडायचं नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पण शेरे नुसते घेतले गं. ते द्यायचे कसे, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला माझ्या वाट्याला ड्रायव्हरकाकांची बाजाराची पिशवी आली. मी आपली उभी राहिले आणि म्हटलं, "छान आहे."

"छान तर आभाळही आहे," मास्तर म्हणाले. "बाजारात नेली होती का?"

खरं सांगू? मळेल म्हणून मी ती घडी करून कपाटात ठेवली होती! सगळे हसले. ड्रायव्हरकाका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, आठवडाभर वाट बघितली हो मी." फार लागलं ते मला. छान म्हणून मी माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

मग पुढच्या खेपेला गेले दुसऱ्या टोकाला. नर्सबाईंनी गरम भांडी धरायचा जाड मोजा शिवला होता. मी हिशेबासारखं लिहूनच नेलं: टाका सैल, कड वाकडी, अस्तर निसटतं... मी वाचत गेले आणि नर्सबाईंचा चेहरा उतरत गेला. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बाई, तुमच्या वहीत नुसता खर्चच? जमा काहीच नाही?"

वर्मावरच बोट! जमा मांडल्याशिवाय मी आजवर वहीचं पान उलटलेलं नाही, तुला ठाऊक आहे. मग आठवून आठवून सांगितलं, अंगठ्याला जागा ऐसपैस आहे, आणि उकळतं पातेलं उतरवलं तरी चटका बसला नाही. हात खरा अडतो तो एकाच जागी. टांगायचा बंद आतून लावलाय, तो मनगटाला टोचतो. बाहेरून लावला तर? नर्सबाईंनी तिथल्या तिथे बंद उसवला, बाहेरून लावला आणि मोजा हातात घालून माझ्यापुढे नाचवला. काय सांगू ताई, स्वतःचं काही जमल्यावर झाला नसता इतका आनंद झाला मला!

माझ्या उशीच्या अभ्र्याचीही पाळी आलीच. ड्रायव्हरकाका म्हणाले, "कापड गालाला मऊ लागतं. पण झाकणपट्टी आखूड आहे, सकाळपर्यंत उशी कासवासारखी डोकं बाहेर काढते." घरी पोचेपर्यंत मी धुसफुसत होते. मग उशी बघितली. कासवच!

चहा ठेवून आले. तर अ‍ॅप्रन.

तू लिहिलंस, "नुसतं छान आहे एवढं कळव, अठराच्या सोमवारी तीसही कापायला घेते." हे म्हणाले, "लिही की छान आहे, आपलं काय जातंय?" तुझा पडदा आखूड आहे म्हटल्याबद्दल तू दादाशी दोन महिने बोलली नव्हतीस, याचीही आठवण करून दिली. मी अ‍ॅप्रन देवापुढे ठेवून विचारलं. पण देवाला लेकरांचं सगळंच छान वाटतं, तेव्हा निवाडा माझ्यावरच आला. मग मी तो शेजारच्या पाच वर्षांच्या भिंगरीच्या अंगात घातला आणि हाती रंगाची पेटी दिली.

जमा आधी. तुझा तो खिसा! त्यात तिने एक खडा, अर्धं बिस्कीट आणि एक जिवंत मुंगी सांभाळून ठेवली. एवढं रंगकाम झालं, पण फ्रॉकवर थेंब नाही. अंगातून काढू देईना. आणि मग तिला घाईची लागली. पाठीमागच्या नाड्या हाताला येईनात. त्या पकडायला पोर गरगर फिरली, एक हाती लागली ती ओढली, तर निरगाठच बसली. ओरडली, "काकू, माझं शेपूट सोडा ना!"

सोडेपर्यंत उशीर झाला. अ‍ॅप्रन धुऊन वाळत घातलाय.

ताई, शाळेत अशी तीस शेपटं आणि वर्गावरच्या बाई एकट्या. हे तुझं पहिलंच मोठं काम, पुढच्या वर्षीचंही तुलाच देईन म्हणाल्यात. गाठी सोडून त्या कंटाळल्या की अ‍ॅप्रन कपाटात जातील, माझ्याकडच्या त्या पिशवीसारखे. आणि तुला कुणी कारणसुद्धा सांगणार नाही. म्हणतील, छान होते.

मला सुचलं ते असं: नाड्यांऐवजी रुंद पट्टे, ते मागून पोटावर आणायचे, आणि एकच मोठं बटण. तुझ्या उरलेल्या कापडाचा तेवढाच भाग शिवून सोबत ठेवलाय. भिंगरीने तो आपल्या हाताने लावला, काढला, पुन्हा लावला. तुझा अ‍ॅप्रन मी उसवलेला नाही, तो हक्क तुझा. पटलं नाही तर नाड्याच ठेव. शिवणारी तू आहेस.

सोबत माझा अभ्राही पाठवते, पट्टी वाढवलेला. आठवडाभर त्यावर नीज आणि मग लिही. सुईत दोरा ओवायला तू शिकवलंस मला, आणि तेव्हापासून मी काहीही दाखवलं की "छान हो, छान" म्हणत आलीस. लहान होते तेव्हा गोड लागायचं. आता मला खरं सांगण्याइतकी मोठी समज.

रागावलीस तर तेही लिही, पण अबोला नको. सोमवारी कात्री उचलायच्या आधी दोन ओळी उलट टपाली टाक. आणि या वेळी तिकिटं पुरेशी लाव.

वाट बघत असलेली
तुझी धाकटी