निळी की पांढरी

९ नोव्हेंबर, रविवार

लाल गाडी गेली. क्रेनवाल्याने मागची बाजू उचलली आणि ती उलटी, तोंड आमच्याकडे करून गल्लीबाहेर निघाली. पुढून बघणाऱ्याला वाटावं, काहीच झालेलं नाही. पंधरवड्यापूर्वी पुणे रोडच्या पंपावर मी चहा घेत होते, ती नुसती उभी होती, आणि एक कंटेनर बघता बघता रिव्हर्समध्ये तिच्यावर आला. विमावाल्यांनी दुरुस्ती परवडत नाही असं लिहून दिलं. आत कुणी नव्हतं ते बरं, असं सगळे समजावतात. बरंच. पण तरी.

डिकीतून निघालं ते: छत्री, पॉलिटेक्निकची जुनी जर्नल्स, कुणाची तरी एक चप्पल.

अण्णा, माझा थोरला भाऊ, काठी टेकत फाटकापर्यंत आला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. ही गाडी त्यानेच शोधून दिली होती, तेव्हा मी नुकती चाळिशी ओलांडली होती. गाडी वळल्यावर म्हणाला, "आता कुठली?" म्हटलं, आज नको.

१२ नोव्हें., बुध.

स्टाफरूममध्ये प्रत्येकाचं एकच. उंच गाडी घ्या मॅडम, खड्डे आहेत, गतिरोधक आहेत, या वयात बसकी सेडान कशाला? बावन्न म्हणजे 'या वयात' असतं तर.

घरी, खालच्या मजल्यावर, अण्णाचा वेगळाच कारभार. सेडानच. गिअरवालीच. दमदार इंजिन. विम्याचे पैसे आणि माझी शिल्लक एकत्र केली तरी नवी येत नाही, म्हणून सेकंड हँड. सकाळपासून पलंगावर बसून मोबाईलवर जाहिराती बघतोय, चांगल्या हाताने. मागच्या उन्हाळ्यात झटका आल्यापासून डावा हात-पाय कमी चालतो. वदिना (आमच्या घरच्या तेलुगूत वहिनी), त्याची बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, कितीतरी दिवसांनी यांना असं बघतेय. खूश होती. मीही.

१६ नोव्हें., रवि.

बार्शीला जाऊन आलो, भाड्याची गाडी करून. करड्या रंगाची सेडान. मालक धान्याचे व्यापारी, अगत्याचे. शेंगा, चहा, पुन्हा चहा. "गाडी लई जपलीय बघा ताई. पावसात काडलीच न्हाय."

चालवली. गिअर मऊ, स्टिअरिंग हलकं, पण जीव नाही. अण्णा शेजारी. परत येऊन त्याने मला पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलायला सांगितलं. खाली वाळलेला गाळ. गाडी पाण्यात बुडालेली. मालक म्हणाले, वावरातली माती हाय. अण्णाला हसू आलं, मग त्यांनाही. शेंगांची पुडी बांधून दिली. भांडण नाही, काही नाही.

येताना अण्णा वैरागच्या पुढे झोपला. डोकं काचेला टेकलेलं. हा माणूस गाडीत कधी झोपत नसे.

१८ नोव्हें., मंगळ.

आज तास कमी. जुनं आठवत बसले.

होम मैदान, सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी. नानांचे, म्हणजे वडिलांचे, आठ माग, घरात मुली सायकलसुद्धा चालवत नव्हत्या. अण्णाकडे तेव्हा कुणाची तरी जुनी चौकोनी गाडी होती. चार विटा उभ्या करून मला त्यांच्यामधून रिव्हर्स घ्यायला लावायचा. विटा पडल्या की स्वतः उतरून पुन्हा उभ्या करायचा. एकदा म्हणाला, डोळे मीट. मी चालवतो, तू नुसतं ऐक आणि कितवा गिअर आहे सांग. मी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन त्याने नानांना सांगितलं की लता गाडी चालवते. विचारलं नाही, सांगितलं. नाना मागाकडे बघत राहिले. म्हणाले, मग तिला लायसन्स काढून दे.

नंतर अक्कलकोट रोडला पहाटेच्या चकरा. एखादं वळण चांगलं जमलं की तो डॅशबोर्डवर एक टिचकी मारायचा. बस, एवढंच कौतुक.

त्याची स्वतःची काळी गाडी आता नाही. तो दवाखान्यात असताना वदिनाने विकली. त्यावर घरात कुणी बोलत नाही.

२३ नोव्हें., रवि.

सापडली.

होटगी रोडला यासीनभाईंचा सेकंड हँड गाड्यांचा अड्डा. अण्णाची त्यांची फार जुनी ओळख. शेडमध्ये निळी सेडान, गिअरवाली, टर्बो. एकाच डॉक्टरांनी वापरलेली. क्लच सोडला आणि कळलंच. विमानतळाच्या बाजूने जाऊन आले. तिसऱ्या गिअरला ती अशी काही उचलते की पोटात गोळा येतो, लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात यायचा तसा. बजेटमध्ये बसते. यासीनभाई म्हणाले, "मॅडम, सेडान आता कोण घेतंय? सगळ्यांना उंच गाडी पायजे. म्हणून तुमच्या नशिबात आली."

परत आले तर अण्णाला बसवून गेले होते ती खुर्ची रिकामी. शेडच्या टोकाला एक पांढरी उभी होती, तीच कंपनी, तसंच इंजिन, पण ऑटोमॅटिक. तिच्या ड्रायव्हर सीटवर बसला होता. काठी बाहेर दाराला टेकवलेली. स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या दोन पाकळ्या असतात, उजवी गिअर चढवते, डावी उतरवते. उजवी दाबून बघितली. डावी दाबायला गेला, बोटं तिथपर्यंत पोचली, दाब पडला नाही. पुन्हा एकदा. मी दुसरीकडे बघितलं. यासीनभाईंनीही.

२४ नोव्हें., सोम.

ऑटोमॅटिक गाडीला अण्णा आयुष्यभर 'लिफ्ट' म्हणत आला. बटण दाबा, वर जा, त्यात चालवणं कुठं आलं. आज जेवताना विचारलं, काल पांढरीत काय बघत होतास? भाताकडे बघतच म्हणाला, "तिला डावा पाय लागत नाही."

वदिनाने आमटीचं पातेलं जरा जोरात ठेवलं आणि आत गेली.

२६ नोव्हें., बुध.

दुपारी वदिना वर आली. माझ्या खोल्यांत ती सहसा येत नाही, मीच खाली जाते. खुर्चीच्या कडेला बसली. बोलायला लागली ती थांबलीच नाही.

"पांढरी घेऊ नको लता. मी पाया पडते. झटका आला त्या दिवशी विजापूर रोडला मी यांच्या बाजूला होते. हात गिअरवरनं खाली पडला. गाडी पळतेय, आणि हे म्हणतायत काही नाही, काही नाही. तोंड वाकडं झालेलं. समोर ट्रक. मला ब्रेक कुठला तेसुद्धा ठाऊक नव्हतं. हँडल धरलं नुसतं आणि ओढलं. वाळूच्या ढिगात घुसलो म्हणून आज बसलेय तुझ्यासमोर."

एवढं मला माहीत नव्हतं. वाळूचं माहीत होतं, बाकीचं अण्णाने असं सांगितलं होतं की त्याने स्वतःच बाजूला घेतली.

म्हणाली, काळी गाडी मी विकली. यांना घरी आणलं तेव्हा गेटात रिकामी जागा बघितली यांनी. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

निळी घेणार असं सांगितलं. मला निळीच हवी आहे, हे खरंच होतं, तरी सांगताना खोटं बोलल्यासारखं का वाटलं?

२९ नोव्हें., शनि.

तरीही अण्णाला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. वदिनाला सांगून. ती आली नाही.

डॉ. तरुण आहेत, घाई करत नाहीत. पुन्हा झटका नाही, फिट नाही, बोलणं स्वच्छ. पण डाव्या बाजूचं दिसतं किती ते तपासायला हवं, हात-पायाची ताकद बघायला हवी, त्यानंतर आरटीओची परवानगी. म्हणाले, आज मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

रिक्षात अण्णा म्हणाला, नाही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, हो पण म्हणाले नाहीत. त्याने न ऐकल्यासारखं केलं.

३ डिसेंबर, बुध.

पॉलिटेक्निक सुटल्यावर एकटीच यासीनभाईंकडे. पांढरी चालवली. वाईट नाही, उलट झपाट्याची. पण माझ्या डाव्या हाताला काम नाही. मांडीवर पडून राहिला, परक्याचा असल्यासारखा. दोनदा पायाने क्लच शोधला. मग निळी पुन्हा एकदा. पहिला, दुसरा, तिसरा. लाल गाडीचे दिवस आठवले, विजापूरपर्यंत एकटी जाऊन आलेले रविवार, येताना मावळतीचं ऊन आरशात.

लिहून ठेवते: मला निळी हवी. बावन्न वर्षांत स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी फार नाहीत.

यासीनभाई म्हणाले, निळीला दुसरं गिऱ्हाईक आहे, पण तुमच्यासाठी थांबतो. थोडे दिवस.

७ डिसें., रवि.

अण्णाशी वाजलं. किती वर्षांनी.

पांढरीचा विचार करतेय असं म्हणाले. त्याला आवडेल असं वाटलं. तर तो चिडला. "माझ्यासाठी घेऊ नको. तुझी गाडी आहे. मी तुला गिअर शिकवला तो काय माझी आया व्हायला?" मी म्हटलं, मग त्या सीटवर बसलास कशाला? म्हणाला, बसून बघितलं. बसायचीसुद्धा चोरी आहे का?

बाहेर शेजारच्या कारखान्याचे माग चालू. शेवटी हळू म्हणाला, "लता, मला कुठं जायचं नाही. मला फक्त कुणी घेऊन जायला नको."

वर आले. जेवले नाही.

१० डिसें., बुध.

डोळ्यांचा रिपोर्ट. डाव्या बाजूचं थोडं कमी दिसतं. फार नाही. डॉ. म्हणाले, सुधारतं काही जणांचं, व्यायाम चालू ठेवा, मार्चमध्ये पुन्हा बघू. तोपर्यंत चालवायचं नाही, अंगणातसुद्धा नाही. अण्णाने मान हलवली. रस्त्यात उसाचा रस प्यायला थांबलो. त्याने माझाही ग्लास संपवला. लहानपणीही संपवायचा.

१३ डिसें., शनि.

हे लिहिताना अजून हसू येतंय आणि दुसरंही काहीतरी.

सकाळी यासीनभाईंकडे टोकन द्यायला निघाले. निळीसाठी. वदिना साडी बदलून फाटकात उभी. मी पण येते. तिला मी गाड्यांच्या शेडमध्ये कधी कल्पनेतसुद्धा बघितलं नव्हतं.

तिथे निळीकडे तिने बघितलंही नाही. पांढरीभोवती एक चक्कर मारली. यासीनभाईंना विचारलं, ही ती बिनगिअरची ना? मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही शिकायला सोपी असेल. मला शिकव."

मला कळेना. म्हटलं, तूच म्हणालीस घेऊ नको. म्हणाली, म्हणाले की. रोज तो ट्रकच डोक्यात येतो. मार्चमध्ये डॉक्टर हो म्हणाले तर हे बसणारच, पांढरी नाही तर दुसऱ्या कुणाची. मी अडवून किती अडवणार? पण बाजूला मी बसणार असेन तर मला गाडी थांबवता आली पाहिजे. आणि नाहीच म्हणाले, तर यांना फिरवायला तुझी वाट कशाला बघायची?

सत्तावन्न वय. सायकल नाही, स्कूटर नाही.

निळीच्या बॉनेटवर हात ठेवून जरा उभी राहिले. गार होतं. मग आत जाऊन पांढरीचं टोकन दिलं.

दुःख झालं का? झालं. यासीनभाईंनी पावती लिहिताना वर बघितलं. चहा मागवला.

अण्णाला घरी येऊन सांगितलं. आधी विश्वास बसला नाही. मग वदिनाकडे बघत राहिला. "तू?" ती म्हणाली, व्हय, मी. आणि भाजी निवडायला बसली.

२८ डिसें., रवि.

पांढरी आठवड्यापासून दारात. वदिनाचं लर्निंग लायसन्स आलं, फोटो बघून स्वतःच हसली. माझा डावा पाय अजून क्लच शोधतो, पण कमी. निळी गेली, पंढरपूरच्या कुणीतरी नेली.

४ जानेवारी, रवि.

जुळे सोलापूरच्या पलीकडे प्लॉट पाडलेत, रस्ते झालेत, घरं नाहीत. वदिना ड्रायव्हर सीटवर, मी शेजारी. अण्णा मागे. घरच्या गाडीत जन्मात पहिल्यांदा मागे बसलेला. सुरुवातीला सारख्या सूचना. वदिना म्हणाली, तुम्ही जरा गप्प बसा. बसला.

तिसऱ्या चकरेला तिने गाडी बाजूला नीट थांबवली. अण्णा उतरला. काठी टेकत गाडीला वळसा घालून तिच्या खिडकीशी उभा राहिला. वाटलं, आता म्हणणार, उतर, मला बसू दे. डॉक्टरांचं सांगायची मी मनात तयारी केली. वदिनाने काच खाली केली नाही. मग केली. तो वाकून तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलला, इतकं हळू की एक शब्द मला ऐकू आला नाही. काळी गाडी गेल्यापासून तिच्याशी कामापुरतं बोलणारा तो, आज बरंच बोलला. ती समोर रस्त्याकडे बघत होती. शेवटी तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, तेही समजलं नाही. तो पुन्हा मागे येऊन बसला.

काय बोलला ते दोघांनी सांगितलं नाही.

परतताना वदिनाने गाडी चाळीसच्या वर नेली. मागून एकदाही "सावकाश" आलं नाही.