स्टेशनपासून किती लांब

प्रिय रोवन,

तू शाळेत गेलीस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुला पत्र लिहायला बसले. एका घरात राहून लेकीला पत्र लिहिणारी आई म्हणजे एल्स्पेथमावशीला वर्षभर पुरेल एवढा विषय, तेव्हा तिच्याकडे चकार शब्द काढू नकोस. पण समोरासमोर आपलं बोलणं 'चहा घेणार?' आणि 'घेते' यापुढे जात नाही, आणि शुक्रवारपर्यंत तुला कॉलेजांचा क्रम लावून डरहॅम विद्यापीठाला पाठवायचा आहे. तू एब्बा कॉलेज पहिलं लावलंयस आणि ऑस्विन शेवटी. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुमचे प्रिंगलसर म्हणाले होते ते मला पटलं होतं. विद्यापीठ एकच, शिकवणारे तेच, तुझी भूगर्भशास्त्राची डिग्रीही तीच. कॉलेज म्हणजे फक्त तू झोपणार कुठे आणि जेवणार कुणाबरोबर. मग ते म्हणाले होते की, म्हणूनच नीट विचार करून निवड, कारण तीन वर्षांनी दगडांची नावं विसरशील, पण जेवायला शेजारी कोण बसायचं ते विसरणार नाहीस. रविवारी एल्स्पेथनं विचारलं, एब्बाच का? तर तू म्हणालीस, तिथलं जेवण चांगलं आहे. अगं, आपण बघायला गेलो तेव्हा तिथल्या भाजलेल्या बटाट्याला तू काट्यानं चार ठिकाणी भोसकलंस आणि तसाच टाकून उठलीस. मी समोरच बसले होते. हल्ली मी असून नसल्यासारखी असते हे कबूल, पण मला दिसतं.

दिसतं, एवढंच. वाटत काही नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज लिहिते. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं माझं तुझा बाबा गेल्यापासून झालं आहे. लोकांना वाटतं मी रडत असते. रडले असते तर बरं झालं असतं. त्याचे, माझ्या अँगसचे, बूट अजून मागच्या दाराशी आहेत ते काही प्रेमापोटी नाहीत, उचलायला हात जात नाही इतकंच. बेकरीच्या मालकीणबाईंनी परवा पुन्हा निरोप पाठवला, काउंटरवर परत कधी येतेस म्हणून. मी म्हटलं, बघते. नदीवर हंस परत आलेत, शेजाऱ्यांनी कुंपण हिरवं रंगवलंय, आणि मला दोन्ही बातम्या सारख्याच वाटतात.

आणि तू. सकाळी बशीत माझी गोळी काढून ठेवतेस. दुपारच्या सुट्टीत फोन करतेस, जेवलीस का विचारतेस, मी जेवले म्हणते. डब्यातला पाव तसाच असतो हे तुला संध्याकाळी कळतं. सतराव्या वर्षी मी आईच्या डोळ्यांत धूळ फेकून नाचायला जात होते. तू माझा पाव मोजतेस.

सप्टेंबरात आपण कॉलेजं बघायला गेलो तेव्हा मी एल्स्पेथच्या आग्रहाखातर आले. बाकीची पोरं काय काय विचारत होती. खोलीला वेगळी मोरी आहे का, जेवायला काळे झगे घालून बसावं लागतं का, तिन्ही वर्षं राहायला मिळतं का. एकानं तर सायकलीला कुलूप लागतं का हेही विचारलं. तू मात्र जिथे जाशील तिथे एकच विचारायचीस, इथून स्टेशन किती लांब? मला वाटलं, असेल काही, दगडांच्या पिशव्या ओढाव्या लागतात म्हणून असेल. एब्बात त्या मुलीनं सांगितलं, रेल्वेच्या पुलाखालून वर चढलं की झालं. तू मान डोलावलीस. बाजारात भाव पटल्यावर डोलावतात तशी.

मग ऑस्विन. टेकडी चढताना मला धाप लागली, तू माझी पिशवी घेतलीस. वर जेवणघरात बटाट्याच्या गरम चिप्सवर ग्रेव्ही ओतून पोरं बसली होती, आणि ती वेल्समधली बेथन आणि तिचा तो ताडमाड बार्नबी. त्यांच्याकडची ती रीत मला आधी नीट कळलीच नाही. दुसऱ्या वर्षाची पोरं जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी खोटं खोटं लग्न ठरवतात आणि नव्या पोरांना मुलं म्हणून घेतात. त्यांना वाट दाखवायची, ताप आला की सूप करून द्यायचं. बार्नबीनं म्हणे बेथनला बोटात कांद्याची चकती घालून मागणी घातली होती. आता त्यांना मुलगी हवी होती, आणि तू खिशातून तो पट्ट्यापट्ट्यांचा दगड काढून दाखवलास तेव्हा बेथन म्हणाली, ठरलं, हीच आमची. बार्नबी माझ्याकडे वळून म्हणाला, मावशी, तुमची हरकत नाही ना? मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस,

"आधी हिला दत्तक घ्या. दोन वर्षं मी सांभाळतेय, आता तुमची पाळी."

सगळे हसले. तूही हसलीस, तोंड उघडून, पुढच्या दातांतली फट दिसेपर्यंत. अँगस हसायचा तशी. तू हसलेलं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मग तुझी नजर माझ्याकडे गेली आणि तू तोंड मिटलंस.

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. मी चिप्स खात होते. पण फाटकापाशी आल्यावर तू एकदम थबकलीस, थांब हं म्हणालीस आणि पळत परत आत गेलीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ तिथे बसून तू स्टेशनचं विचारायला विसरली होतीस. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. बरंच लांब आहे म्हणालीस, आणि परत येताना चढ. परतीच्या गाडीत मी विचारलं तर म्हणालीस, ऑस्विन फारच गजबजलेलं आहे गं, मला नाही आवडलं. खिडकीतून समुद्र दिसत होता, मी तिकडे बघत राहिले. आणि तेव्हा दुखलं, रोवन. खोटं सांगत नाही, इथे बरगडीखाली दुखलं. तुला स्टेशन कशासाठी जवळ हवं आहे, कुणाचा फोन आला की तू पहिली गाडी पकडून घरी येणार आहेस, हे मला अल्नमाउथ स्टेशन यायच्या आत कळलं होतं. तरी मी गप्प बसले, कारण एवढ्या दिवसांनी काहीतरी दुखतंय हे मला पारखून बघायचं होतं. अजून दुखतंय.

मी बरी झाले असं लिहिणार नाही, तू हुशार आहेस, विश्वास ठेवणार नाहीस. बूट अजून दाराशीच आहेत. पण मंगळवारी तू फोन केलास आणि वाऱ्याचा आवाज कसला म्हणून विचारलंस, तेव्हा खिडकी उघडी आहे म्हणाले, ते खोटं होतं. मी डरहॅममध्ये होते. एकटी गाडीत बसले, एकटी उतरले, आणि ऑस्विनपर्यंत चालत गेले. दोनदा रस्ता चुकले, एका बाईच्या पायरीवर बसले, तिनं पाणी दिलं. तुझा फोन आला तेव्हा त्यांच्या फाटकासमोरच्या बाकावर होते. जेवलीस का विचारलंस, जेवले म्हणाले, ते मात्र या वेळी खरं होतं. चीजचा पाव नेला होता, सगळा खाल्ला. तर स्टेशनपासून किती लांब आहे ते आता मला माहीत आहे, आणि ते अंतर तुला चालायचं नाहीये, मला. भेटावंसं वाटलं तर मी येईन. तू ऑस्विन वर लाव आणि मला दुपारी फोन करणं बंद कर.

तुझीच, आणि कुणी दत्तक घेईपर्यंत तुझ्याच गळ्यात पडलेली,
आई