ओली शाल आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, धंद्याने रफूगार, एका मुलाची आई, एका सुनेची सासू आणि एका नणंदेची भावजय, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व स्वखुशीने लिहीत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी घालायला लावला. खुशी कसली. पण कोणी जबरदस्ती केलेली नाही, एवढे खरे. उद्या सकाळी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. मुलगा म्हणतो, “आई, साधं ऑपरेशन आहे, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.” पोट त्याचे नाही, माझे आहे.

राहती जागा मुलगा व सून यांच्या नावे, निम्मी निम्मी. एकाच्याच नावे केली तर भांडणात दुसऱ्याला ‘मी चालले’ म्हणावे लागते. मी ते बरेच म्हटले आहे आणि जायला जागा नव्हती. बँकेत असेल ते, औषधपाणी भागवून उरले तर, दोघांचे.

दुकानातील सुया, दोऱ्यांचे खोके, भिंग आणि मोजा ताणून धरायचा लाकडी गोळा सुनेला द्यावा. तिचा हात अजून जड आहे, पण सुटलेला धागा तिच्या नजरेला पडतो. नाक्यावरच्या ड्रायक्लीनरला यातली एक सुईही मिळू नये. त्याने जाळलेले कोट मागच्या दाराने माझ्याकडे पाठवले आणि पुढच्या दाराने स्वतःची कामगिरी म्हणून गिऱ्हाइकांना दिले. माझ्या पश्चात तो डोळे पुसत आला तर पाणी विचारावे, बसा म्हणू नये.

आता शाल. हे लिहिताना ती मोरीतल्या टबात बुडालेली आहे, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. ती माझ्या सासूबाईंनी विणली, मला दिली, आणि तेव्हापासून नणंद माझ्याशी तोंडदेखले बोलते. दवाखान्यात पांघरायला मी तीच नेणार होते. नर्सबाईंनी बजावले होते, की पेशंटबरोबर येणारे सगळे कपडे गरम पाण्यात धुऊन आणा. सून आधीच धास्तावलेली. तिने चादरी, टॉवेल, माझा तांबडा रेशमी अभ्रा, शाल, एवढेच काय, मी परत येईन ती खोली स्वच्छ हवी म्हणून खिडकीचा जाळीचा पडदासुद्धा एकत्र मशीनमध्ये कोंबला आणि पाणी होईल तेवढे गरम ठेवले. पडदा गुलाबी झाला. शाल पायपुसण्याएवढी झाली, आणि तेवढीच घट्ट.

मी मोरीत गेले तेव्हा ती फरशीवर बसून रडत होती. “आत्याबाईंना काय सांगू?” म्हणाली. मी म्हटले, “त्यांचं मी बघते.” तर आणखीच रडायला लागली. “शाल गेली चुलीत, आई. तुम्ही परत याल ना?”

हे विचारायची घरात कोणाची छाती झाली नव्हती, माझीही नाही. मी एवढेच म्हटले, “आधी टबात कोमट पाणी भर.”

तरी सूचना अशा. पडदा व अभ्रा वेगवेगळे गार पाण्यात बुडवावेत, रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदलावे, इस्त्री लावू नये, डाग पक्का होतो. शालीच्या कोमट पाण्यात केसांचे कंडिशनर घातले आहे. ती चोळू नये, पिळू तर मुळीच नये. टॉवेलात गुंडाळून दाबावी, मग माझ्या पलंगावर पसरून चारी बाजूंनी थोडी थोडी ओढावी आणि कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावाव्यात. पहिल्याएवढी ती होणार नाही. हे मी आजच लिहून ठेवते, म्हणजे सुनेला नंतर कोणी जाब विचारू नये.

शाल, होईल तेवढी, सुनेची. नणंदेला भिंतीवरचे घड्याळ, त्यावरही तिचा डोळा आहेच. मात्र शालीवरून तिने सुनेला एक शब्द जरी ऐकवला, तर घड्याळ भिंतीवरच राहील.

कापाकापीला मी भीत नाही, फाटलेले सांधण्यातच जन्म गेला. मला भुलीची भीती वाटते. हातात घेतलेल्या कामावरून मी कधी नजर काढली नाही, आणि उद्या मलाच डोळे मिटायला सांगतील. पुढे काय चालले आहे ते मला दिसणार नाही. खूप भीती वाटते. मुलाने हे वाचले तर त्याला कळावे, की साधे ऑपरेशन असले तरी वाटते.

शेवटचे. टाचण्यांना कोणी हात लावू नये, शाल वाळली तरी. मी घरी आल्यावर मी आणि सून मिळून काढू. मी आले नाही, तर तिने एकटीने काढाव्यात, घाई करू नये.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर (सही). समोरच्या दुकानातील शिंपीणबाई (सही). यांनी माझी कात्री मागितली होती, पण साक्षीदाराला काही मिळत नाही असे समजल्यावरही सही केली.

मृत्युपत्र करणारी: रफूवाल्या काकू (सही, थोडी हललेली).

स्थळ: मोरीला लागून असलेले स्वयंपाकघर.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार. शाल अजून ओली.